हक्स्टेबलांच्या नावाने फिरणारा फॉरवर्ड

'अमेरिकेतील काळ्या कुटुंबांची खरी कहाणी' असा मथळा असलेला एक लांबलचक फॉरवर्ड सध्या मराठी ग्रुपांवर फिरतोय. माझ्याकडे तो घरच्या ग्रुपवरून आला. अमेरिकेत एडिसनला राहणाऱ्या मामेभावाने टाकला आणि ज्या काकांमुळे मला वाचनाची गोडी लागली, त्यांनी खाली 'डोळे उघडणारी माहिती' लिहून हात जोडले. परक्या कुणी पाठवला असता तर डिलीट करून मोकळी झाले असते.

फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं. टीव्हीवरच्या जुन्या विनोदी मालिकांत काळे लोक ठग, आळशी दिसायचे कारण ते स्वतःच स्वतःवर हसत होते, चळवळवाल्यांनी उगाच आरडाओरडा करून त्या बंद पाडल्या. त्यांच्या मालिकांत बाप नसतो, कारण त्यांच्या घरातही नसतो. मग 'द कॉस्बी शो' आला, त्यात हक्स्टेबल या काळ्या कुटुंबातला डॉक्टर बाप आणि वकील आई दिसली, आणि कसलीही सवलत न घेता माणूस वर येतो हे सिद्ध झालं. आता मात्र प्रत्येक मालिकेत त्यांना कोट्याने घुसवतात. आणि शेवटची ओळ: 'आपल्याकडच्या सवलतवाल्यांनी यातून धडा घ्यावा.' सगळी मेख या ओळीत आहे. वरचा पसारा हिच्यासाठीच मांडलाय.

पहिला मुद्दा जुन्या विनोदी मालिकांचा, म्हणजे 'एमॉस अँड अँडी'चा. काळे लोक स्वतःवर हसत होते म्हणे! ही मालिका १९२८ साली शिकागोच्या रेडिओवर सुरू झाली आणि त्यातली काळी पात्रं फ्रीमन गॉस्डेन आणि चार्ल्स कोरेल हे दोन गोरे गृहस्थ आवाज बदलून करत. १९५१ मध्ये ती टीव्हीवर आली तेव्हा चेहरे दिसणार म्हणून कृष्णवर्णीय नट घेतले. लेखक मात्र गोरेच राहिले. अँडीचं काम करणारे स्पेन्सर विल्यम्स यांना गॉस्डेन सेटवर येऊन काळ्या माणसाची बोली कशी बोलायची ते शिकवायला लागले. विल्यम्सनी त्यांना ऐकवलं की काळी माणसं कशी बोलतात ते मला ठाऊक असणारच, जन्मभर मी तेच आहे. त्यानंतर गॉस्डेन सेटवर फिरकले नाहीत, असं विल्यम्सच नंतर सांगत.

कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेने आक्षेप घेतला तो विनोदाला नव्हे. त्या मालिकेतला डॉक्टर भोंदू, वकील लबाड आणि भित्रा, आणि जवळजवळ प्रत्येक माणूस एक तर विदूषक नाही तर भामटा, हा आक्षेप होता. त्या वेळी टीव्हीवर दुसरे कृष्णवर्णीय दिसत होते ते 'ब्यूला'सारख्या मालिकेत, गोऱ्यांच्या घरच्या मोलकरणीच्या वेशात. समोर एवढंच असेल तर बघणाऱ्याने काय समजायचं? एक गोष्ट मान्य करते, नाइलाजाने. अनेक कृष्णवर्णीय प्रेक्षकांना ही मालिका आवडायची आणि ती बंद झाल्यावर त्यातल्या उत्तम नटांची कामं गेली. पण 'बंद पाडली' हेही अर्धंच आहे. नवे भाग १९५३ मध्ये थांबले, जुने भाग स्थानिक वाहिन्यांवर १९६६ पर्यंत चालूच होते.

आता बापाचा मुद्दा. काका, हा वाचताना तरी तुम्ही थांबायला हवं होतं.

१९७४ मध्ये सीबीएस वाहिनीवर 'गुड टाइम्स' सुरू झाली. शिकागोतल्या सरकारी इमारतीत राहणारं गरीब कृष्णवर्णीय कुटुंब. आईचं काम एस्थर रोल यांना देऊ केलं तेव्हा ठरलेल्या गोष्टीत नवरा नव्हताच, एकटी बाई आणि तिची मुलं. रोल अडून बसल्या. या घरात बाप असेल तरच मी काम करीन, म्हणाल्या. म्हणून जेम्स इव्हान्स हे पात्र आलं आणि जॉन एमॉस या नटाने ते उभं केलं. दिवसाला दोन-दोन कामं करणारा, तापट, पोरांवर जीव टाकणारा बाप. पुढे झालं असं की मोठा मुलगा जे. जे. लोकप्रिय झाला. डोळे फिरवायचे, 'डायनोमाइट!' म्हणून ओरडायचं, की हशा. पटकथा त्याच्याभोवती फिरायला लागल्या, हुशार बहीण आणि धाकटा भाऊ मागे पडले. एमॉस आणि रोल दोघंही यावर भांडत राहिले. १९७५ मध्ये रोल यांनी 'एबनी' मासिकात उघड नाराजी सांगितली: अठरा वर्षांचा मुलगा, ना कामधंदा, ना धड लिहिता-वाचता येत, हा कसला आदर्श? एमॉसना तर तिसऱ्या सीझननंतर काढूनच टाकलं.

चौथा सीझन १९७६ च्या सप्टेंबरमध्ये सुरू झाला. घरात निरोपाची पार्टी चालू आहे, कारण जेम्सला मिसिसिपीत काम लागलंय आणि सगळे तिकडे जाणार आहेत. तार येते. अभिनंदनाची असेल म्हणून हसतहसत उघडतात, तर जेम्स मोटार अपघातात गेलेला. आई पुढे जवळजवळ सगळा भाग खंबीर राहते. शेवटी आवराआवर करताना हातातलं काचेचं भांडं जमिनीवर आपटते आणि तिचा बांध फुटतो. अमेरिकेत ज्यांनी हे तेव्हा पाहिलं ते आजही विसरलेले नाहीत.

तर या घरातला बाप सोडून गेला नव्हता. त्याला लेखकांच्या टेबलावर मारलं, कारण तो नट फार प्रश्न विचारत होता. १९६८ च्या 'जूलिया'तही तेच. नर्स असलेली एकटी आई आणि लहान मुलगा, बाप व्हिएतनाममध्ये ठार झालेला, मालिका सुरू व्हायच्या आधीच. पटकथेने बाप काढून घ्यायचा आणि मग 'बघा, यांच्यात बाप नसतो' म्हणायचं, हा कुठला न्याय?

वास्तवाबद्दल म्हणाल तर हो, बापाविना वाढणाऱ्या मुलांचं प्रमाण तिकडे गोऱ्यांपेक्षा कृष्णवर्णीयांत जास्त आहे. पण अलाबामासारख्या राज्यात आईचे कुणा पुरुषाशी संबंध दिसले तर मुलांची सरकारी मदत बंद व्हायची, हा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये मोडीत काढला, हे फॉरवर्डवाल्याला सांगावंसं वाटत नाही. आणि सीडीसी या सरकारी संस्थेचा २०१३ चा अहवाल आहे: पाच वर्षांखालच्या मुलांसोबत राहणाऱ्या बापांपैकी रोज मुलांची अंघोळ, कपडे, डायपर करणारे कृष्णवर्णीयांत ७० टक्के निघाले, गोऱ्यांत ६०. आपल्या ग्रुपवरच्या पुरुषांची टक्केवारी काढत नाही, भांडणं होतील.

राहिला 'कॉस्बी शो'. मालिका चांगली होती. १९८४ ते १९९२ चालली, सलग पाच सीझन अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होती. ब्रुकलिनचं घर, भिंतीवर कृष्णवर्णीय चित्रकारांची चित्रं, मुलाच्या खोलीत दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाविरुद्धचं पोस्टर, जे वाहिनीला नको होतं आणि बापाचं काम करणाऱ्या बिल कॉस्बींनी काढू दिलं नाही. एवढं श्रेय त्यांना आहे. ('आदर्श पिता' वगैरे फॉरवर्डने लिहिलंय त्यावर मात्र हसू येतं. लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यात त्यांना २०१८ मध्ये शिक्षा झाली, २०२१ मध्ये ती खटल्याच्या प्रक्रियेतल्या दोषावरून रद्द झाली.)

पण मालिकेतून जो निष्कर्ष फॉरवर्ड काढतो तो नवा नाही, आणि तो तपासूनही झालाय. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या सट जॅली आणि जस्टिन लुइस या दोन संशोधकांनी स्प्रिंगफील्ड शहरात प्रेक्षकांना गटागटाने मालिकेचा भाग दाखवला आणि नंतर त्यांना मोकळेपणी बोलू दिलं. १९९२ मध्ये त्यावर त्यांचं पुस्तक आलं. मजा म्हणजे अभ्यासाला पैसा कॉस्बी दांपत्यानेच दिला होता, तेव्हा कुणी शत्रूने रचलेलं कुभांड म्हणायचीही सोय नाही. गोऱ्या प्रेक्षकांना हक्स्टेबल कुटुंब मनापासून आवडायचं. 'आपल्यासारखेच आहेत की' म्हणायचे. आणि त्याच दमात पुढे: हे डॉक्टर-वकील होऊ शकतात तर बाकीच्यांना काय झालंय, आता खास संधी वगैरे कशाला? म्हणजे मालिका बघून वंशभेद कमी झाला नाही, त्याबद्दल बोलायचीच गरज नाही असं वाटायला लागलं. कृष्णवर्णीय प्रेक्षक वेगळ्याच पेचात सापडलेले. भामटे आणि मोलकरणी बघून कंटाळलेल्यांना ही सुखवस्तू माणसं बघून बरं वाटायचं, पण ती बहुतेकांच्या जगण्याशी जुळत नव्हती. मालिका जोरात होती त्या सगळ्या वर्षांत कृष्णवर्णीयांतली बेकारी गोऱ्यांच्या दुपटीहून जास्तच राहिली.

फॉरवर्डची शेवटची ओळ म्हणजे स्प्रिंगफील्डच्या त्या दिवाणखान्यांतलं बोलणंच, फक्त मराठीत आणि आपल्याकडच्या लोकांकडे बोट दाखवून. एका काल्पनिक डॉक्टरच्या जोरावर खऱ्या माणसांची फी माफी आणि जागा काढून घ्यायच्या! 'कॉस्बी शो'चा शेवटचा भाग ३० एप्रिल १९९२ ला लागला. रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला बेदम मारणाऱ्या पोलिसांना खटल्यात निर्दोष सोडल्यामुळे आदल्या दिवसापासून लॉस एंजेलिस पेटलं होतं. महापौर टॉम ब्रॅडली यांनी लोकांना सांगितलं, घरी थांबा आणि कॉस्बी बघा. दंगल त्यानंतरही काही दिवस चालली.

कोट्याच्या मुद्द्याला जास्त वेळ देत नाही. न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या सहा तरुण मित्रमैत्रिणींची 'लिव्हिंग सिंगल' ही कृष्णवर्णीयांची मालिका १९९३ मध्ये आली, त्याच वॉर्नर ब्रदर्सची 'फ्रेंड्स' १९९४ मध्ये. मामेभावाला दुसरी तोंडपाठ आहे, पहिलीचं नाव तरी त्याने ऐकलंय का, विचारते. आणि त्या 'फ्रेंड्स'मध्ये, मॅनहॅटनसारख्या ठिकाणी दहा सीझन काढून, थोडे जास्त भाग टिकणारी कृष्णवर्णीय व्यक्तिरेखा आली ती थेट २००३ मध्ये, आयशा टायलरची. पुढच्याच सीझनमध्ये तीही गेली.