पाचवी तार

माझ्या बेस गिटारचा आवाज ऐकू आला, असे आमच्या बँडमधल्या कोणीही आजवर म्हटलेले नाही. परवाच्या तालमीत मात्र, दोन गाण्यांमधल्या शांततेत, तिने झर्र असा सूर लावला आणि सगळ्यांच्या माना एकदम माझ्याकडे वळल्या. "तुझं ते गुरगुरणं बघ जरा," असे मला कोणी सुनवावे, तर ड्रमरने! हे वाक्य मला अजून पचलेले नाही.

व्हॉल्यूम शून्यावर नेताच आवाज थांबला, म्हणजे अ‍ॅम्प निर्दोष होता. केबल बदलली, तरी झर्र कायम. मग एकच पिकअप चालू ठेवून मी बेससकट उभ्या उभ्या गोल फिरू लागलो. हा वेडेपणा नव्हे. सिंगल कॉइल पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेले बारीक तारेचे हजारो वेढे. ते भोवतालच्या विजेचे चुंबकीय क्षेत्रही टिपतात, त्याची गुणगुण होते आणि आपण कोणत्या दिशेला तोंड करून उभे आहोत त्यावर ही गुणगुण कमीजास्त होते. वीज ५० हर्ट्झची असेल तर हा सूर सर्वांत जाड तारेच्या तिसऱ्या पट्टीवरच्या ४९ हर्ट्झच्या 'जी'पेक्षा जेमतेम चढा असतो. आमचा गायक याहून लांब जातो आणि त्याच्याकडे कोणी मान वळवत नाही. असो. माझ्या बेसवरचे दोन पिकअप एकमेकांच्या उलट गुंडाळलेले आहेत, त्यामुळे दोन्ही पूर्ण उघडताच गुणगुण गेली. ('प्रिसिजन बेस' नावाच्या मॉडेलच्या एकाच पिकअपचे दोन तुकडे करून हीच युक्ती १९५७ पासून वापरली जाते.) झर्र मात्र होती तिथेच राहिली.

माझ्या या प्रदक्षिणा चालू असताना कीबोर्डवाल्याचे मामा त्याला न्यायला आले. त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा पुसला आणि बेसकडे असे पाहिले, की जणू ती त्यांच्या दवाखान्यात आणलेली आहे.

"तारा किती?" त्यांनी विचारले.

"चार."

"गिटारला सहा असतात."

"मामा, ही बेस आहे. हिला चारच असतात."

"घेतलीस तेव्हाही चारच होत्या?"

मी होकार दिला. मामांनी भाच्याकडे ज्या नजरेने पाहिले, त्या नजरेत माझ्या फसवणुकीबद्दलची सगळी हळहळ होती. "मग रोग कळला," ते म्हणाले, "कुठेतरी तार निसटली आहे."

त्यांच्याकडे दुर्लक्ष करून मी तारांवर हात ठेवला. तारा ज्या ब्रिजवर टेकतात त्याला आतून अर्थची (म्हणजे अर्थिंगची) एक वायर जोडलेली असते; तारांना हात लागला की वादकाचे अंगही अर्थ होते, विजेचा गोंगाट टिपणारा त्याचा अँटेना उरत नाही आणि झर्र विरते. इथे ती विरली नाही. व्हॉल्यूमच्या धातूच्या खुंटीला बोट लावले, तेव्हा मात्र तत्काळ शांतता पसरली.

"थांबला की!" मामा उठून उभे राहिले. "आता सोडू नकोस."

"मामा, खुंटी धरून बसलो तर वाजवू कसा?"

"एका हाताने वाजव. तारा चारच तर आहेत."

यावर ड्रमर इतका हसला, की त्याच्या हातातली काठी पडली. माझ्या वादनावर कोणी इतकी मनापासून दाद दिल्याचे मला आठवत नाही. त्यातच गिटारवाल्याने अ‍ॅम्पच्या प्लगची अर्थची पिन काढून टाकण्याचा सल्ला दिला. ती पिन आवाजासाठी नसून माझ्या जिवासाठी आहे, हे मी त्याला समजावले. त्याच्या चेहऱ्यावरून हा मुद्दा त्याला निर्णायक वाटला असे दिसले नाही. सहा वर्षे मी या लोकांच्या गाण्यांना खालून टेकू देत आहे.

रात्री मल्टिमीटरचे एक टोक ब्रिजला आणि दुसरे, केबल खोचायच्या जॅकच्या बाहेरच्या धातूला लावले. जोड शाबूत असता तर मीटरने शिट्टी दिली असती. त्याने ब्र काढला नाही. झाकणाचे स्क्रू काढले, तर ब्रिजकडून येणारी वायर पॉटच्या, म्हणजे व्हॉल्यूमच्या खुंटीखालच्या डबीच्या, पाठीवरून सुटून लोंबकळत होती. पॉटची ती धातूची पाठ उष्णता पिऊन टाकते. लहान सोल्डरिंग आयर्नने घाईत सोल्डर केले, तर ते नुसते वर बसते, धरत नाही. पाठ खरवडून, नीट तापवून मी वायर पुन्हा जोडली आणि तारांना हात लावताच झर्र गेली.

पुढच्या तालमीला मामा वेळेआधीच हजर होते. माझे नशीब असे, की काय झाले होते हे त्यांनी मलाच विचारले, आणि बेसावधपणे मी खरे ते बोलून गेलो: "आतली एक तार निसटली होती."

मामांनी सगळ्या खोलीवरून सावकाश नजर फिरवली. ड्रमरने उठून त्यांच्याशी हात मिळवला.

"पाचवी सापडली ना?" मामा मला म्हणाले. "आता सहावी शोध."