गाळा, गॅलरी आणि बाबांचा वाइस

गेल्या महिन्यात घरच्या ग्रुपवर दादाने एक फोटो टाकला. ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या घराची मागची गॅलरी, गॅलरीत बाबांचं सागवानी बेंच, बेंचवर चार इंची वाइस, म्हणजे काम करताना वस्तू पकडून धरणारा लोखंडी शिकंजा. खाली एकच ओळ: ‘भंगारवाला रविवारी येतोय. कुणाला काही हवं असेल तर आत्ताच सांगा.’

आमची इमारत रीडेव्हलपमेंटला चालली आहे. तीन मजली, लिफ्ट नसलेली, पावसाळ्यात जिन्यात पाणी झिरपणारी. आई एकोणऐंशी वर्षांची आहे आणि तिसऱ्या मजल्यावर राहते. नवी इमारत हवीच, त्याबद्दल माझं दुमत नाही. वाद झाला तो लोखंडावरून. आत्या म्हणाली, माझ्या भावाची आठवण आहे ती, टाकता कशी? चुलतभावाचं म्हणणं, नव्या घरात सगळं मॉड्युलर येणार, हे धूड ठेवणार कुठे? पुण्याच्या मामाने एक फॉरवर्ड टाकला: युरोपातले लोक आता रिपेअर कॅफे, म्हणजे एकत्र जमून वस्तू दुरुस्त करायच्या बैठका, काढून दुरुस्ती शिकताहेत, आपण तर पिढ्यानपिढ्या तेच करत आलोय. त्यावर सगळ्यांचे अंगठे पडले आणि वाइसचा प्रश्न तिथेच राहिला.

हे सगळं मी इंग्लंडातल्या शेफिल्डमधल्या माझ्या तळघरात उभी राहून वाचत होते. समोर एक जुना लोखंडी रंधा सुटा करून ठेवला होता. तिन्ही मतं मला अपुरी वाटली. का, ते ग्रुपवर मावलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

बाबा वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कारखान्यात टूलरूमला फिटर होते. एमआयडीसी १९६२ साली स्थापन झाली आणि वागळे इस्टेट ही तिची पहिली औद्योगिक वसाहत. आमच्या लहानपणी ‘वागळेला आहेत’ म्हटलं की नोकरीबद्दल पुढे काही सांगावं लागत नसे. कारखाना बंद पडला तेव्हा सामानाचा लिलाव झाला, आणि ज्या वाइसवर बाबा एकोणीस वर्षं काम करत होते तोच विकत घेऊन ते रिक्षाने घरी आले. चार बोल्टांनी तो बेंचवर बसवला. त्यानंतर गॅलरीत कपडे वाळत घालायला जागा राहिली नाही, पण आईने ते कधी बोलून दाखवलं नाही.

संध्याकाळी शेजारपाजारचे लोक वस्तू घेऊन यायचे. मिक्सरचं भांडं, शिलाई मशीन, गोदरेजच्या कपाटाचं अडकलेलं कुलूप. एकदा समोरच्या काकूंचा टेबल फॅन आला. आतला बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती छोटी नळी, झिजून शाफ्ट खडखडत होता. आधी कुणीतरी बुशमध्ये पत्र्याची पट्टी कोंबून दिली होती आणि ती महिनाभर टिकली होती. बाबांनी पट्टी काढून टाकली, शाफ्ट मायक्रोमीटरने मोजला, वागळेतल्या एका मित्राच्या लेथवर गनमेटलचा नवा बुश काढून आणला आणि रीमर, म्हणजे भोक नेमक्या मापाचं करायचं हत्यार, फिरवून शाफ्टच्या मापाला बसवला. दोन थेंब तेल टाकून पंखा बोटाने फिरवला, तर तो आपला फिरतच राहिला.

पट्टी म्हणजे जुगाड आणि बुश म्हणजे दुरुस्ती. या दोन गोष्टी आपण सर्रास एकाच नावाने मिरवतो, आणि म्हणूनच ‘दुरुस्ती आपल्या रक्तातच आहे’ हे वाक्य मला खटकतं. रक्तात काही येत नाही. आयटीआयमध्ये फिटरच्या पोराला सुरुवातीचे कित्येक आठवडे एकच काम असतं: लोखंडाचा ठोकळा कानशीने घासून गुण्यात, म्हणजे काटकोनात, आणायचा. गुण्या लावायचा, उजेडाकडे धरायचा, फट दिसली की पुन्हा घासायचा. दहावीच्या सुट्टीत बाबांनी मलाही तेच करायला लावलं होतं. पंधरा दिवस मी रडकुंडीला आले होते. मग एका दुपारी गुण्याखालून उजेड यायचा थांबला.

वाइसवर ‘रेकॉर्ड’ आणि ‘मेड इन इंग्लंड’ अशी ओतीव अक्षरं आहेत. चौदा वर्षांपूर्वी नोकरीनिमित्त मी शेफिल्डला आले आणि इथे आल्यावर कळलं, की रेकॉर्डचे वाइस आणि रंधे याच गावात बनत. बाबांना फोनवर सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “तिथली माणसं कानस कुठली वापरतात?” मला उत्तर माहीत नव्हतं. नंतर इथल्या संग्रहालयात पाहिलं. शेफिल्डचे कामगार कानशीचा एकेक दात छिन्नी-हातोडीने हाताने पाडायचे, खाली शिशाचा ठोकळा असायचा, आणि त्या शिशाचं विष कितीतरी जणांच्या अंगात भिनलं. हे ऐकल्यावर बाबा म्हणाले, “म्हणजे तिथेही तसंच.” वागळेत प्रेसखाली बोटं गमावलेले दोघे-तिघे त्यांचे मित्र होते.

इथल्या जुन्या घरांना तळघरं आहेत, कोळसा साठवायला बांधलेली. माझ्या तळघरात ओल आहे, ठाण्याच्या गॅलरीत खाडीचा वारा होता. गंज दोन्हीकडे सारखाच चढतो. माझी सुरुवात रविवारच्या बाजारात, एका गाडीच्या डिक्कीतून दहा पौंडाला घेतलेल्या रंध्याने झाली. गंजाला मी सायट्रिक ॲसिड वापरते, आपलं लिंबूसत्त्व. लिटरभर कोमट पाण्यात पन्नास-साठ ग्रॅम. त्यात भाग काही तास बुडवून ठेवायचे आणि मधूनमधून बघत राहायचं. तारेच्या ब्रशने घासलं की काळी साय निघते आणि खाली करडं लोखंड दिसतं. मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढून, कोरडं करून लगेच तेलाचा हात फिरवायचा. फोन घ्यायला वर गेलात तर परत येईपर्यंत त्यावर तांबूस झाक आलेली असते.

त्यानंतर तळ. जाड काचेवर पॉलिश पेपर चिकटवायचा, रंध्याच्या तळाला मार्करच्या रेघा ओढायच्या आणि घासत राहायचं. रेघ जिथे पुसली जात नाही तिथे खळगा आहे. पात्याची धार सगळ्यात शेवटी. त्या रंध्यातून पहिल्यांदा कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ साल अखंड निघाली, ती मी पाकिटात घालून बाबांना पोस्टाने पाठवली. ती त्यांनी डायरीत ठेवली होती. ते गेल्यावर दादाला सापडली.

आट्यांबद्दल सांगायलाच हवं, कारण जुनी यंत्रं तिथेच बिघडवली जातात. जुन्या इंग्रजी यंत्रांचे आटे व्हिटवर्थचे. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली ठरवून दिलेले, ५५ अंशांचे, इंचातल्या मापाचे. मेट्रिकचा आटा ६० अंशांचा. जवळपासच्या मापाचा मेट्रिक नट अशा बोल्टवर दोन फेरे चढतो, मग अडतो, आणि पान्याने जोर दिला की आटे खाऊन टाकतो. बाबांच्या डब्यातले व्हिटवर्थचे आटे पाडायचे टॅप मी इकडे आणले आणि ते इथे बरोबर चालले. ठाण्याचा सुतार आजही सुतात मोजतो, आठ सुतांचा एक इंच. माझ्या शेजारचे म्हातारे सुतार इंचाचे आठ भाग करूनच बोलतात. सातासमुद्रापलीकडे आमची मोजपट्टी एकच निघाली.

लाकडाचं थोडक्यात. जुन्या खुर्चीचा सांधा सरसाने चिकटवलेला असेल तर गरम पाणी आणि वाफ दिली की सुटतो, लाकडाला इजा होत नाही, आणि नव्या सरसाने पुन्हा बसतो. ज्याने ती खुर्ची केली, त्याने ती कधीतरी उघडावी लागेल हे धरूनच केली होती. पांढऱ्या गोंदाने पक्का झालेला सांधा तसा सुटत नाही, बऱ्याचदा खाचेत बसणारं कुसूच मोडतं. आणि भुशाच्या फळीचं मॉड्युलर कपाट एकदा पाण्याने फुगलं की त्याला कुठलाच सुतार काही करू शकत नाही. चुलतभाऊ ज्या फर्निचरसाठी वाइस काढायला सांगतो आहे, ते पंधरा वर्षांनी स्वतःच रस्त्यावर येईल.

आता मामाच्या फॉरवर्डबद्दल. पहिला रिपेअर कॅफे १८ ऑक्टोबर २००९ रोजी ॲम्स्टरडॅममध्ये भरला, मार्टिना पोस्टमा या पत्रकार बाईंनी भरवला. आता तो देशोदेशी भरतो. आमच्या भागात महिन्यातून एका शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये असतो आणि मी तिथे टोस्टर आणि शिलाई मशीन दुरुस्त करायला बसते. पण तो का भरतो? कारण इथे कारागिराच्या एका तासाला चाळीस-पन्नास पौंड पडतात आणि नवा टोस्टर त्याच्या निम्म्यात मिळतो. दुरुस्तीचा धंदा इथे जवळजवळ संपला, म्हणून ती सेवा म्हणून करावी लागते. मी हौस करू शकते, कारण माझा पगार दुसरीकडून येतो आणि माझ्याकडे तळघर आहे.

कायदे दोन्हीकडे चालले आहेत. ब्रिटनमध्ये जुलै २०२१ पासून वॉशिंग मशीन, फ्रिज, टीव्ही अशा ठरावीक उपकरणांचे सुटे भाग काही वर्षं मिळत राहतील याची जबाबदारी कंपन्यांवर आली. फोन आणि लॅपटॉप त्यातून वगळले गेले. भारतात जुलै २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार खात्याने ‘राइट टु रिपेअर’साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टलही आलं. चांगली गोष्ट आहे. पण सुटा भाग मिळाला तरी तो बसवणारा माणूस बसणार कुठे, हा प्रश्न मला जास्त जवळचा वाटतो.

शेफिल्डने या बाबतीत काय गमावलं ते मी रोज बघते. इथल्या केलम आयलंड संग्रहालयात केन हॉली यांचा संग्रह आहे. ते हत्यारांचे दुकानदार. गावातले कारखाने बंद पडत होते तेव्हा त्यांनी हत्यारं, कॅटलॉग, अर्धवट घडलेले नमुने, जे मिळेल ते गोळा करून ठेवलं. एका कात्रीच्या घडणीच्या सगळ्या पायऱ्या तिथे ओळीने बघता येतात. ती कात्री हाताने घडवणारी माणसं मात्र आता मोजकीच उरली आहेत. त्यांना इथे ‘लिटल मेस्टर’ म्हणतात, एखाददुसरी खोली भाड्याने घेऊन स्वतःच्या हिमतीवर काम करणारे. आपले गाळेवाले म्हणा. हत्यारं काचेमागे सुखरूप आहेत, हात गेले. ठाण्यात हात अजून आहेत. जांभळी नाक्याच्या मागच्या गल्ल्यांत, वागळेच्या उरलेल्या गाळ्यांत, जिन्याखाली चार फुटांत बसलेल्या मोटार वाइंडिंगवाल्याकडे. आमच्या इमारतीच्या जिन्याखालीही एक शिलाई मशीनवाले काका बसतात. नव्या नकाशात जिन्याखाली फायर पंपाची खोली आहे. काकांचं नाव सभासदांच्या यादीत नाही, म्हणून ते कुठे जाणार हा विषय एकाही बैठकीत निघाला नाही.

शेफिल्डात पोर्टलंड वर्क्स नावाची एकोणिसाव्या शतकातली इमारत आहे. स्टेनलेस स्टीलची पहिली सुरी-काटे जिथे बनले असं मानतात, ती ही जागा. आत छोटे छोटे गाळे आहेत. २००९ मध्ये मालकाने तिथे फ्लॅट करायचा प्रस्ताव आणला. कारागीर आणि गावकरी एकत्र आले, पाचशेच्या आसपास लोकांनी शेअर घेतले आणि २०१३ मध्ये ती इमारत विकत घेतली. आज तिथे चाकू बनवणारे आहेत, गिटार घडवणारे आहेत, मुलामा देणारे आहेत. मी तिथे धार लावण्याचा दगड घ्यायला जाते आणि तासभर नुसती बघत उभी राहते.

हे मी दादाला सांगितलं तेव्हा तो चिडला. “नौपाड्यात स्क्वेअर फुटाचा भाव काय चाललाय माहीत आहे का? तुला तळघर आहे. मला आईची औषधं ठेवायला कपाट पुरत नाही.” त्याचं खरं आहे. हप्ते तो भरणार आहे, आईला दवाखान्यात तो नेतो. बाबांचं बेंच त्याने स्वतःच्या बेडरूममध्ये ठेवावं असं म्हणायचा मला हक्क नाही, आणि तसं मी म्हणतही नाही.

माझं मागणं सोसायटीकडे आहे. नव्या नकाशात सोसायटीचं ऑफिस आहे, फिटनेस सेंटर आहे, पार्टीसाठी टेरेस आहे. चाळीस कुटुंबांत मिळून एक दहा बाय बाराची खोली मागा, तळमजल्यावर, पार्किंगला लागून. एक भक्कम बेंच, एक वाइस, चांगला उजेड, एक्झॉस्ट पंखा, दोन पॉवर पॉइंट. ठोकाठोकीच्या वेळा ठरवून घ्या, दुपारी आणि रात्री बंद. शिलाई मशीनवाल्या काकांना तिथे वाजवी भाड्याने बसू द्या, त्या बदल्यात त्यांनी आठवड्यातून एक दिवस इमारतीतल्या मुलांना शिकवावं. बिल्डरशी करार रजिस्टर होण्याआधी हे मागायचं असतं, नंतर कुणी ऐकत नाही. हत्यारं पुरवायची जबाबदारी मी घेते. इथून रंधे, पटाशा आणि टॅपचा अख्खा डबा घेऊन येईन.

दादा काही बोलला नाही. वहिनी मागून म्हणाली, “खोलीचं विचारून बघायला काय हरकत आहे? फार तर नाही म्हणतील.” आई म्हणाली, “भंगारवाल्याला पुढच्या रविवारी ये म्हणून सांग.”

शनिवारी रात्री दादाचा व्हिडिओ कॉल आला. गॅलरीत बल्ब लावून, घामाघूम, हातात बाबांचा पाना. चारपैकी तीन बोल्ट सुटले होते. चौथा जाम होता आणि दादा पान्यात पाइप घालून जोर लावणार होता. मी ओरडलेच. म्हटलं, बोल्टचं डोकं तुटेल, तो व्हिटवर्थचा आहे, तसला दुसरा आता मिळायचा नाही. नटाभोवती डिझेल सोड, दोन टोले हलके मार आणि रात्रभर तसाच राहू दे. सकाळी आधी किंचित घट्ट कर, मग सोडव.

“किती घट्ट?” त्याने विचारलं.

“सूतभर,” मी म्हटलं.