पावसाळ्यातला पाक आणि मोहरीचा मध : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

तुमचं म्हणणं थोडक्यात असं : मी पावसाळ्यात मधमाश्यांना साखरेचा पाक देतो, म्हणजे माझा मध साखरेचाच. तो बाटलीत तुपासारखा थिजतो, हा त्याचा पुरावा. आणि ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात विदेशी माशी पेटीत कोंडणं हा छळ. आरोप गंभीर आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

पाक देतो, हे खरं. पण आमच्याकडचं वर्ष कसं जातं ते आधी पाहा. एप्रिलमध्ये कडुलिंब आणि करंज फुलून गेले की मे-जूनमध्ये लू सुटते, पारा ४५च्या पुढे जातो आणि फुलांत रस उरत नाही. पाऊस लागला की सगळीकडे हिरवं दिसतं, पण माशीच्या कामाचं त्यात फार थोडं, आणि झड लागली तर तिला बाहेरच पडता येत नाही. या दिवसांत पेटीतली पोळ्याची चौकट उचलली तर हाताला वजनच लागत नाही. पिलाव्याच्या (अंडी-अळ्यांच्या भागाच्या) वर जिथे मधाची कमान असायला हवी, तिथे कोरडी घरं. राणी अंडी घालणं आवरतं घेते. अशा वेळी पाक दिला नाही तर अख्खी वसाहत उपाशी मरते. तुम्ही साताऱ्याच्या आहात. महाबळेश्वरकडच्या एखाद्या मधपाळाला विचारा, पेटीतल्या सातेरीला, म्हणजे देशी माशीलाही पावसाळ्यात साखर द्यावी लागते.

पाक मी संध्याकाळी, पेटीच्या आतच ठेवतो, साखर आणि पाणी समसमान. थेंब बाहेर सांडला तर शेजारच्या पेटीतल्या माश्या वासावर येतात आणि लूट सुरू होते, म्हणून दारही बोटभरच उघडं ठेवायचं. मुख्य म्हणजे या काळात वरची मधकोठी, म्हणजे ज्यातून आम्ही मध काढतो तो मजला, पेटीवर नसतेच. भाद्रपदात बाजरीचा पराग येऊ लागतो, मग बोर आणि तूर फुलते, तेव्हा पाक बंद. दिलेली साखर माश्यांनी स्वतः खाऊन, पिलांना भरवून संपवलेली असते. मधकोठी चढते ती डिसेंबरात, शेतं मोहरीने पिवळी झाल्यावर. आम्ही ग्वाल्हेरच्या मुरार भागाच्या टोकाला राहतो, तिथून दोन-तीन किलोमीटरवरची शेतं माशी सहज गाठते. मुरैना-भिंडच्या मोहरीवर तर दूरदूरचे मधपाळ ट्रकभर पेट्या घेऊन येतात.

थिजणं हा भेसळीचा पुरावा नाही, ताई. मोहरीच्या मधात फ्रुक्टोजच्या मानाने ग्लुकोज बरंच असतं आणि ग्लुकोज पाण्यात कमी विरघळतं, म्हणून त्याचे कण लवकर बनतात. थंडीत काढायला उशीर झाला तर तो चौकटीतच थिजतो. मग मेणाची झाकणं सुरीने उतरवून मधयंत्र कितीही फिरवा, बाहेर येत नाही. थिजलेली बाटली कोमट पाण्यात ठेवली की मध पुन्हा पातळ होतो. गॅसवर मात्र ठेवू नका.

तुम्ही सुचवलेल्या पेटत्या काडीच्या आणि पाण्यातल्या थेंबाच्या परीक्षेने शुद्धता कळत नाही. उसाच्या साखरेतला कार्बन बहुतेक फुलांच्या रसातल्या कार्बनहून वेगळा ओळखू येतो, त्यामुळे उसाची साखर प्रयोगशाळेत पकडली जाते. तांदळाचा पाक त्या चाचणीतून निसटतो, त्याला वेगळ्या चाचण्या लागतात. बाजारातल्या मधाबद्दल तुम्हाला वाटणारी शंका रास्तच आहे. ती माझ्या पेट्यांवर काढलीत, इतकंच.

आता छळाचं. मेलिफेरा, म्हणजे मी पाळतो ती विदेशी माशी, मूळची इथली नाही, कबूल. १९६२ साली ती आजच्या हिमाचलातल्या नगरोटा बगवान इथे रुजवली गेली. पण मे महिन्यातल्या दुपारी पेटीच्या दाराशी बसून पाहा. माश्या ओळीने पाय रोवून पंख हलवत वारा घालत असतात. बाकीच्या पाणी आणून घरांच्या कडांना त्याचे बारीक थेंब लावतात, ते वाऱ्याने उडतात आणि आतला पिलावा ३४-३५ अंशांवर टिकतो. माझं काम एवढंच की पेट्या कडुलिंबाच्या सावलीत ठेवायच्या, वर ओलं गोणपाट टाकायचं आणि परातीत खडे घालून पाणी भरायचं, म्हणजे त्या बुडत नाहीत. परात कोरडी पडली की शेजाऱ्यांच्या कूलरवर गर्दी होते आणि तक्रार येते, म्हणून उन्हाळ्यात आम्ही गाव सोडून कुठे जात नाही. दार त्यांना कायम उघडं आहे. कोंडलेलं कुणीच नाही.

देशी माशी जपायला हवी, असं तुम्ही लिहिलंत ते मात्र मला मनापासून पटतं. आमच्या शेवग्यावर फुलोरी या छोट्या देशी माशीचं छोटं पोळं बसतं, त्याला मी हात लावत नाही. ती पेटीत नांदत नाही. तुमच्या भागात सातेरी आहे, आणि ती पेटीत राहते. तुम्ही विचारलंय की अंगणात एखादी पेटी ठेवावी का. जरूर ठेवा, पण सातेरीचीच, आणि पावसाळ्यासाठी साखर आधीच भरून ठेवा.