एकोणीसच्या तुकडीमुळे मी क्रमांक घालणं सोडलं

दरवर्षी जानेवारी आला की बाल्टिमोर ओरिओल्स या बेसबॉल संघाच्या चाहत्यांमध्ये एकच वाद पेटतो. आपल्या मायनर लीगमधल्या, म्हणजे खालच्या संघांत तयार होणाऱ्या पोरांत पहिला कोण, दुसरा कोण, दहाव्या जागेवर कोणाला बसवायचं? मेरीलँडमध्ये राहायला आल्यापासून मीही या वादात हिरिरीने पडत आलोय. उन्हाळ्यात बोवी गावी जाऊन ओरिओल्सच्या डबल-ए संघाचे सामने बघायचे, वहीत टिपणं काढायची आणि हिवाळ्यात त्यावरून यादी करायची, असा माझा अनेक वर्षांचा शिरस्ता. यंदा यादी केली, पण क्रमांक घातले नाहीत. हे का, ते सविस्तर लिहावंसं वाटतंय.

ज्यांचा बेसबॉलशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मेजर लीगच्या, म्हणजे सर्वात वरच्या पायरीच्या, प्रत्येक संघाच्या हाताखाली लो-ए, हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए असे चार मुख्य संघ असतात. शाळा-कॉलेजातून ड्राफ्टमध्ये (संघ आळीपाळीने नवी पोरं निवडतात तो दरवर्षीचा कार्यक्रम) निवडलेली किंवा डॉमिनिकन रिपब्लिक, व्हेनेझुएलातून करारबद्ध केलेली पोरं या पायऱ्या चढत जातात. बहुतेकांचा प्रवास मधल्याच कुठल्यातरी पायरीवर संपतो. आदल्या हंगामात जो संघ जास्त हरला त्याला ड्राफ्टमध्ये आधी निवड, असा तेव्हाचा नियम होता. ओरिओल्सने २०१८ मध्ये १६२ पैकी ११५ सामने गमावले, त्यामुळे २०१९ ची पहिली निवड त्यांच्या वाट्याला आली.

त्या ड्राफ्टमध्ये त्यांनी ओरेगन स्टेट विद्यापीठाचा कॅचर ॲडली रुचमन घेतला. लगेच दुसऱ्या क्रमांकावर कॅन्सस सिटी रॉयल्सने बॉबी विट ज्युनियर घेतला. ओरिओल्सची पुढची निवड बेचाळिसावी : अलाबामाच्या सेल्मा गावचा शाळकरी गनर हेंडरसन. एकाहत्तराव्या क्रमांकावर काइल स्टोवर्स. चौथ्या फेरीत जोई ऑर्टिझ, ज्याच्या क्षेत्ररक्षणाबद्दल सगळे बोलायचे आणि बॅटबद्दल फारसं कोणी बोलत नसे. एकाच वर्षाची ही तुकडी. तिचं पुढे काय झालं ते पाहिलं की याद्यांबद्दल बरंच कळतं.

रुचमन २०२२ मध्ये मेजर लीगमध्ये आला आणि आदल्या वर्षी ११० सामने हरलेला संघ त्या वर्षी ८३ जिंकला. २०२३ मध्ये हेंडरसन एकमताने वर्षातला सर्वोत्तम नवा खेळाडू ठरला, संघाने १०१ सामने जिंकले. २०२४ मध्ये हेंडरसनने ३७ होम रन मारले, म्हणजे आपल्या षटकारासारखे कुंपणापार फटके. थोडक्यात, बेचाळिसावा पोरगा पहिल्याच्या पुढे निघून गेला. ऑर्टिझला आणखी एका पिचरसह (पिचर म्हणजे आपल्याकडचा गोलंदाज) आणि ड्राफ्टमधल्या एका निवडीसह मिलवॉकीला देऊन ओरिओल्सने कॉर्बिन बर्न्स आणला, तेव्हाच्या सर्वोत्तम पिचरांपैकी एक.

आणि मग १ ऑक्टोबर २०२४. आमचं घरचं मैदान कॅमडेन यार्ड्स, प्लेऑफचा पहिला सामना, समोर रॉयल्स. बर्न्सने नऊपैकी आठ इनिंग पूर्ण केल्या आणि एकच धाव दिली. ती धाव कोणाच्या फटक्यावर आली? बॉबी विटच्या. सामना ०-१ गेला. दुसऱ्या दिवशीही निर्णायक धाव विटच्याच फटक्यावर आली आणि आमचा हंगाम संपला. त्या रात्री कित्येक जण म्हणाले, २०१९ मध्येच चुकलं. मला हे मान्य नाही. कॅचर म्हणजे आपल्याकडचा यष्टिरक्षक आणि कर्णधार एकाच अंगात. असा कॅचर, जो फलंदाजीही करतो, क्वचित मिळतो. त्या दिवशी जी माहिती हातात होती तिच्यावरून रुचमनची निवड योग्यच होती. चूक झाली ती आम्हा चाहत्यांची. ‘एक’ आणि ‘दोन’ या आकड्यांमध्ये खरोखर काही अंतर आहे असं आम्ही धरून चाललो.

स्काउट लोक, म्हणजे संघांसाठी पोरं हेरणारे, वेगळी मोजपट्टी वापरतात, २० ते ८० ची. मेजर लीगमधला सरासरी खेळाडू म्हणजे ५०. साठ म्हणजे ऑल-स्टारच्या जवळपास. ऐंशी फार विरळा. चेंडूला बॅट लावण्याची हातोटी, ताकद, धावण्याचा वेग, हाताचा जोर आणि क्षेत्ररक्षण, यांना वेगवेगळे गुण द्यायचे आणि मग एकूण अंदाज करायचा. या पट्टीतली मला सर्वात मोलाची वाटणारी गोष्ट ही की ती दोन पोरांना सारखेच गुण देऊ शकते. आपली यादी तसं करत नाही, ती प्रत्येकाला दुसऱ्याच्या खांद्यावर उभं करते. खरं तर पहिला आणि तिसरा यांच्यात काडीचाही फरक नसतो आणि तिसरा आणि चौथा यांच्यात दरी असते, असं किती वेळा होतं!

म्हणून आता मी प्रत्येक नावापुढे दोन आकडे लिहितो. एक, हा बहुधा कुठवर जाईल. दुसरा, सगळं जमून आलं तर कुठवर. या दोन आकड्यांमधलं अंतर हीच त्या पोराबद्दलची सर्वात खरी माहिती.

हे आकडे काढताना मी आधी वय बघतो. डबल-एमध्ये तेविसाव्या वर्षी चांगला खेळणारा आणि विसाव्या वर्षी बरा खेळणारा, यांत मी डोळे मिटून दुसरा घेईन. मग स्ट्राइकआउट, म्हणजे तीनदा चेंडू हुकवून किंवा सोडून बाद होणं. मोठे फटके पुढे शिकता येतात, पण ज्याची बॅट चेंडूला लागतच नाही त्याचे वरच्या पायरीवर फार हाल होतात. संध्याकाळच्या सरावातले लांब फटके मी मोजणं सोडून दिलंय. तिथे सगळेच चेंडू कुंपणापार करतात. आणि पिचर असेल तर खालचा आकडा आणखी खाली. ग्रेसन रॉड्रिग्ज इतका तयारीचा पिचर आमच्याकडे बऱ्याच वर्षांत आला नव्हता, पण दुखापतींनी त्याचा २०२५ चा अख्खा हंगाम खाल्ला आणि नंतर संघाने त्याला एंजल्सला देऊन टाकलं.

घाईने निकाल लावण्याबद्दलही बोललंच पाहिजे. जॅक्सन हॉलिडे, २०२२ ची पहिली निवड. २०२३ मध्ये एकोणिसाव्या वर्षी त्याने डेलमार्वा, ॲबरडीन, बोवी आणि नॉरफोक या चारही पायऱ्या एकाच हंगामात चढल्या. एप्रिल २०२४ मध्ये वर आला आणि ३४ वेळा बॅट घेऊन फक्त दोन हिट मिळाले. परत नॉरफोकला पाठवला, तेव्हा लोकांनी त्याला मोडीत काढलं. वीस वर्षांचा पोरगा होता हो तो! पुढच्याच वर्षी त्याने १७ होम रन मारले. चौतीस संधींवरून कोणाचंही काही ठरत नाही.

अजून एक गोष्ट, जी कुठल्याच यादीत मावत नाही : जागा. हेंडरसन, वेस्टबर्ग, हॉलिडे, ऑर्टिझ, नॉर्बी, मेयो हे सगळे इनफिल्डचे, म्हणजे आतल्या भागात क्षेत्ररक्षण करणारे, आणि सगळे जवळपास एकाच काळात तयार झालेले. इनफिल्डमध्ये जागा चारच. आपल्याला हे नव्याने सांगायला नको. अमोल मुजुमदारने मुंबईकडून रणजी पदार्पणातच २६० केल्या, पुढे प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा केल्या, आणि भारताकडून एकही सामना खेळला नाही. समोर सचिन, द्रविड, गांगुली, लक्ष्मण. पोरगा कमी नव्हता, दार बंद होतं.

आमच्या आउटफिल्डमध्ये स्टोवर्सचं तेच झालं. जुलै २०२४ मध्ये त्याला आणि नॉर्बीला मायामीला देऊन डावखुरा पिचर ट्रेव्हर रॉजर्स घेतला. १३ जुलै २०२५ ला हाच स्टोवर्स कॅमडेन यार्ड्सवर आला आणि त्याने एका सामन्यात तीन होम रन मारले. मला वाईट वाटलं, पण त्या पोरासाठी आनंदही झाला. त्याला रोज खेळायला मिळालं की काय होतं ते सगळ्यांनी पाहिलं. रॉजर्सनेही त्या हंगामात नऊ इनिंगमागे धावा देण्याची सरासरी दोनच्या आत ठेवली, हेही न विसरता सांगतो.

या पोरांना आपण आकडे देतो तेव्हा ती कशी जगतात हेही ध्यानात ठेवावं. मायनर लीग खेळाडूंच्या २०२३ च्या करारापूर्वी लो-ए खेळाडूचा किमान वार्षिक पगार ११,००० डॉलर होता. करारानंतर तो २६,२०० झाला. गेल्या उन्हाळ्यात बोवीला माझ्या पुढच्या रांगेत एक जोडपं बसलं होतं. त्यांचा मुलगा पिचिंगला होता. त्याने सलग तीन फलंदाजांना वॉक दिला, म्हणजे चार-चार चेंडू बाहेर टाकून फुकट पुढे जाऊ दिलं, चौथ्याने चेंडू कुंपणापार मारला. आई काही बोलली नाही, नुसती टोपीच्या कडेशी चाळा करत राहिली. पुढच्या इनिंगला तो परत आला आणि समोर आलेल्या तिघांनाही स्ट्राइकआउट केलं. वहीत मी त्याच्या नावापुढे लिहिलंय : बहुधा ३५, जमलं तर ५५. एप्रिलमध्ये पुन्हा बघायला जाणार आहे.