भरपूर हा आकडा नाही

पाऊणकी मला शाळेत कधी आली नाही. पावकी यायची, निमकी रेटून न्यायचो, पण पाऊणकीची गाडी 'तीन पाऊण सव्वादोन'च्या पुढे कायम रुतायची. गुरुजींनी दोन छड्या दिल्या आणि म्हणाले, "आयुष्यात अडेल तेव्हा आठवण येईल माझी." पुढे अडतीस वर्षं बँकेत काढली, दुसऱ्यांच्या लाखोंचे हिशेब जुळवले, कुठेही अडलं नाही. अडलं ते निवृत्तीनंतर, मे महिन्यात, अलिबागजवळच्या आक्षीच्या किनाऱ्यावर. तेही चिखल्यांपायी.

चिखल्या हा पक्षी आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. मी फोनवर मेहुण्याला "आज चिखल्या भरपूर होत्या" असं उत्साहानं सांगितलं, तर त्यानं एका मलमाचं नाव सुचवलं आणि रात्री झोपताना बोटांच्या बेचक्यांत लावा, पाय कोरडे ठेवा, असा सल्ला दिला.

या भानगडीत मी पडलो तो निरोप समारंभामुळे. "तुम्हाला कशाची आवड आहे?" असं सहकाऱ्यांनी विचारलं. मी म्हणालो, "निसर्गाची." माझ्या मनात होतं ते वाडीतल्या झोपाळ्यावर पडून वरच्या झावळ्या बघणं. त्यांनी वर्गणी काढून आठ बाय बेचाळीसची दुर्बीण दिली. दुर्बीण गळ्यात आली की माणूस गप्प बसू शकत नाही. महिन्याभरात मी डोंबिवलीतल्या पक्षी बघणाऱ्यांच्या ग्रुपात होतो.

या ग्रुपाचे प्रमुख म्हणजे सर. ते कुठल्या शाळेत शिकवायचे, की शिकवायचेच नाहीत, हे कोणालाच नक्की ठाऊक नाही, पण त्यांना सर सोडून दुसरं काही म्हणणं शक्य नाही. त्यांचे नियम पाच: पक्ष्याचं नाव, संख्या, वेळ, जागा, फोटो. त्यातलं एक जरी नसलं तरी तो पक्षी उडालाच नाही असं समजायचं. मी आत्याकडे नागावला निघालोय हे कळताच त्यांचा संदेश आला: 'किनाऱ्याची यादी करा. उन्हाळ्यात तिकडे कोणी जात नाही. नोंदी फार कमी.'

उन्हाळ्यात तिकडे कोणी का जात नाही, हे विचारण्याची अक्कल मला त्या वेळी झाली नाही.

पहिल्या दिवशी पहाटे उठून, आत्याचा चहा न घेता, सहाच्या ठोक्याला मी शेजारच्या आक्षीच्या किनाऱ्यावर हजर. पाणी पार सुरूच्या बनापर्यंत चढलेलं. पक्षी म्हणाल तर दोन कावळे आणि घोडागाडीच्या घोड्याच्या पाठीवर बसलेली एक साळुंकी. तासभर लाटा बघितल्या. जाळं दुरुस्त करत बसलेल्या एका कोळीबाबांनी शेवटी न राहवून विचारलं, "काय बघताव?"

"किनाऱ्यावरचे पक्षी."

त्यांनी माझ्याकडे, मग दुर्बिणीकडे, मग पुन्हा माझ्याकडे बघितलं. "आज अष्टमी हाय. आठ पाऊण सहा. पानी भरलंय सगलं. पक्षी बसंल कुठं? तुमच्या डोक्यावर?"

तर तो हिशेब असा. तिथीला पाऊणनं गुणायचं की पूर्ण भरतीची वेळ निघते. पंचमीला पाच पाऊण पावणेचार, अष्टमीला आठ पाऊण सहा. त्यापुढे साधारण सहा तासांनी ओहोटी. हे छोटे पक्षी ओल्या वाळूत चोच खुपसून किडे, अळ्या, बारीक खेकडे खातात, म्हणजे त्यांच्या जेवणाचं पान मांडलं जातं ते पाणी ओसरल्यावर. म्हणजे दुपारी बारा वाजता. मे महिन्यात. शिवाय भरती रोज पाऊण तासानं पुढे सरकते, तेव्हा दुसऱ्या दिवशी पाऊण वाजता, तिसऱ्या दिवशी दीडला. दुसरी ओहोटी असते, नाही असं नाही, पण ती मध्यरात्री. त्यातून अष्टमी म्हणजे भांग, पाणी धड मागेही हटत नाही. "पुनवेला यायचं," कोळीबाबा म्हणाले. "उधानाचं पानी. सकालच्याला पार लांब जातंय." पण आमची तारीख बायकोनं ठरवली होती, आणि ती तिथी बघून नव्हे, हापूसचा भाव उतरलेला बघून.

दुपारी बाराला आक्षीच्या वाळूवर उभं राहण्याबद्दल मला फार लिहायचं नाही. दुर्बीण डोळ्याला लावली की घामानं काच धुरकट होते. पुसली की रुमालाची वाळू काचेला लागते. फुंकर मारली की पुन्हा धुरकट होते. वाळूतून उठणाऱ्या वाफेत समोरचा प्रत्येक पक्षी गॅसवर ठेवलेल्या पातेल्यासारखा थरथरत असतो. आणि हे सगळं जमवून आणावं तोच चार चाकांच्या फटफटीवरून एक पुणेकर कुटुंब मधून जातं, अख्खा थवा उडतो आणि नागावच्या बाजूला जाऊन बसतो. तुम्ही तिकडे चालत जायचं. तिथे पॅरासेलिंगची जीप. थवा परत आक्षीला.

पण दिसले. खोटं कशाला बोलू, दिसले तेव्हा ऊन विसरलो. चिमणीपेक्षा जरा थोराड, पाठ ओल्या वाळूच्या रंगाची. चार पावलं तुरुतुरु धावायचे आणि गॅस बंद केला की नाही ते आठवल्यासारखे एकदम थांबायचे. एक टोच. पुन्हा चार पावलं. थांबले की वाळूत विरघळून जायचे, धावले की उगवायचे. सर म्हणाले होते की हिवाळी पाहुण्यांपैकी बहुतेक एप्रिलअखेर उत्तरेला विणीसाठी निघून जातात. उरतात ते तरुण, ज्यांचं यंदा लग्नाचं काही जमणार नसतं. मग एवढ्या लांबचा प्रवास कशाला, म्हणून ते उन्हाळा इथेच काढतात. त्या पन्नासेक मळकट अविवाहितांत एकाच्या छातीवर मात्र विटकरी रंगाचा झकास पट्टा उतरला होता. हळद लागली होती, पण गाडी चुकली होती. मी त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिलो.

संध्याकाळी ग्रुपवर टाकलं: 'आक्षी. चिखल्या. भरपूर.'

सर: 'भरपूर हा आकडा नाही.'

मी: 'अंदाजे 50.'

सर: 'अंदाजे कशावरून?'

बँकेच्या तपासनिसांनीही मला असं कधी विचारलं नव्हतं. आणि फोटो? फोटोत वाळू आली होती. त्या वाळूत पन्नास पक्षी आहेत हे फक्त मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी शहाणा झालो आणि मोठ्या पक्ष्याच्या मागे लागलो. खाडीच्या तोंडाशी एक पाटीसारखा काळा बगळा पंख अर्धे पसरून, दारू प्यायल्यासारखा इकडून तिकडे धावत मासे पकडत होता. हनुवटी तेवढी पांढरी. फोटोही आला. थरथरणारा, पण आला. 'दुर्मीळ काळा बगळा!' असं उद्गारचिन्हासकट मी टाकलं. उत्तर आलं: 'समुद्र बगळा. किनाऱ्यावर नेहमीचाच.' ठीक आहे. तासाभरानं त्याच जागी पांढरा शुभ्र बगळा. तो मात्र मी ओळखला आणि अनुभवाच्या जोरावर लिहिलं: 'साधा लहान बगळा, 1.' सर: 'चोच आणि पाय बघा. हाही समुद्र बगळाच असू शकतो. एकाच जातीत काळेही असतात, पांढरेही.' एकाच आईच्या पोटी एक गोरा आणि एक सावळा हे आपल्याकडे नवीन नाही, पण बगळ्यांनीही हे धंदे करावेत? मी पायांचा फोटो काढायला परत गेलो. पाय पाण्यात होते. अर्धा तास थांबलो, पाय पाण्यातच होते. शेवटी बगळ्यानं पाय दाखवले ते उडताना, आणि तेव्हा मी काच पुसत होतो.

घरी आलो तर आत्या पडवीत बसलेली. पुढ्यात अंगणभर ताटं मांडलेली, ताटांत आंबापोळी वाळत घातलेली, हातात वेताची काठी. मे महिनाभर तिचं हेच काम. ऊन असतं तोवर ती जागची हलत नाही.

"दिसले का रे तुझे ते?"

"दिसले. पण किती ते मोजता येत नाही. आता गावातल्या पक्ष्यांची यादी मागितलीय. कावळे किती लिहू?"

"आठ," आत्या म्हणाली.

"कशावरून?"

"कशावरून म्हणजे? महिनाभर त्यांच्याशीच भांडतेय मी. सहा साधे, दोन डोम. तो माडावर बसलाय ना, त्याच्या डाव्या पंखातलं एक पीस गळलंय. तो आधी येतो, काठी बघतो आणि जाऊन बाकीच्यांना सांगतो. ती विहिरीवरची, ती चोरत नाही, नुसती ओरडते. आणि तिच्या मागे तोंड वासून फिरतंय ना ते पोर, ते तिचं नाहीच."

"मग?"

"कोकिळेचं. अंडं तिनं घालायचं, खस्ता हिनं खायच्या. मी रोज सांगते तिला, बाई, डोळे उघडून बघ जरा, तुझ्या घराण्यात असे ठिपके आहेत का कोणाच्या अंगावर? ऐकत नाही."

मी दुर्बीण लावली. पोर खरंच ठिपक्याठिपक्यांचं होतं. कावळीनं त्याच्या तोंडात काहीतरी कोंबलं, आणि ते माझ्या आत्याची आंबापोळी असल्याचं मला आठपट स्पष्ट दिसलं. ते मी आत्याला सांगितलं नाही.

त्या रात्रीची माझी यादी ग्रुपवर गाजली. 'कावळा 6, डोमकावळा 2, कोकिळा 1 पिल्लू (कावळीकडून भरवले जाताना), तांबट 2, दयाळ 1 जोडी, भारद्वाज 1 (सकाळी उजवीकडून गेला).' सरांनी लिहिलं: 'उत्तम. अशी नोंद हवी. फक्त उजवीकडून गेला हे काढा.' आत्याला हे पटलं नाही. तिच्या मते त्या नोंदीत महत्त्वाचं तेवढंच होतं.

सरांनी जाता जाता एक टोचणीही लावली: 'सालिम अलींनी 1930 मध्ये अलिबागच्या पलीकडे किहीमला सुगरणींचा अभ्यास केला होता. तुम्ही त्याच तालुक्यात आहात.' आता माणसानं काय बोलावं? त्यांनी तिथे बसून शोधून काढलं की सुगरण नर अर्धं घरटं विणून थांबतो, मादी येऊन तपासते, पसंत पडलं तर आत राहायला जाते. मग तो ते पुरं करतो आणि लगेच शेजारी दुसरीसाठी दुसरं सुरू करतो. हे मी जेवताना बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "आपल्या डोंबिवलीच्या फ्लॅटला बिल्डरनं अर्ध्यावर सोडलं होतं, ते असंच." त्यावर मी आमरस वाढून घेतला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही घरी परतलो होतो. पाऊस दोनदा येऊन नुसताच गुरगुरून गेला होता. सकाळी सातला आत्याचा फोन.

"अरे, रात्री एक पाखरू पडवीच्या काचेवर आपटलं. सकाळी झाडायला गेले तर कोपऱ्यात बसलेलं. एवढंसं आहे, मुठीत मावेल. पोट पिवळं, पाठ निळी, डोकं केशरी, मधूनमधून जांभळं. कोणीतरी पोरानं पेटीतले सगळे खडू एकाच चित्रात संपवावेत ना, तसं. आणि चोच बघशील तर अंगाच्या मानाने ही लांब, लालभडक."

मी अंथरुणात उठून बसलो. पावसाच्या तोंडाशी कोकणात येणारा, रात्री प्रवास करताना काचांवर आपटणारा, रायगड जिल्ह्यानं आपला पक्षी म्हणून मिरवलेला तिबोटी खंड्या! याच्यासाठी सर दरवर्षी कर्नाळ्याच्या जंगलात डास खात बसतात.

"आत्या, त्याला हलवू नकोस. एक फोटो काढ."

"फोटो? अरे, ते भेदरलेलं, त्याच्या तोंडावर कसला प्रकाश मारू? रोवळीखाली ठेवलं होतं अंधारात. घटकाभरानं हुशार झालं, रोवळी उचलली तसं उडालं. पन्हळाकडे गेलं. मला कळेना कोण ते, म्हणून आधी बोटं तेवढी बघितली. तीनच आहेत."

"बोटं बघितलीस?"

"मग काय बघू? तूच म्हणालास ना, तुझे ते सर पाय बघायला सांगतात."

मी ग्रुपवर लिहिलं: 'तिबोटी खंड्या, 1. नागाव, घराची पडवी. सकाळी 6 ते 6.30. फोटो नाही. बोटं मोजली, तीन. निरीक्षक: आत्या.'

बराच वेळ काही नाही. मग वर 'सर लिहीत आहेत' असं दिसू लागलं. थांबलं. पुन्हा दिसू लागलं. माझा चहा गार झाला.

सर: 'कुठल्या पायाची?'

मी आत्याला फोन लावला. तिनं क्षणभर आठवून बघितलं. "डाव्या," ती म्हणाली. "उजवा त्यानं पोटाशी घेतला होता. तो मी बघितला नाही, उगाच कशाला सांगू?"

मी जसंच्या तसं कळवलं. दोन मिनिटांनी सरांची त्या दिवसाची यादी आली. सगळ्यात वर होतं: तिबोटी खंड्या, 1 (डावा पाय).