आधी कमेंट्स, मग व्हिडिओ

व्हिडिओ उघडला की मी व्हिडिओ बघत नाही, सरळ खाली कमेंट्समध्ये जाते. वर तो माणूस "तर मित्रांनो, आज आपण" म्हणत हात हलवत असतो, त्याला मनातल्या मनात सांगते, तू चालू दे, मी जरा खाली काय चाललंय ते बघून येते. आणि मग खालीच राहते.

याला कुणी चोंबडेपणा म्हणेल, म्हणू दे. पण कारण आहे. यूट्यूबवर आधी पाच स्टार द्यायची पद्धत होती. लोक द्यायचे ते सरसकट पाच, मधल्या दोन-तीन-चारला फारसं कोणी हात लावायचं नाही, मग २०१० मध्ये ते काढून अंगठा वर, अंगठा खाली असं सोपं केलं. हे झकास होतं. वर शंभर आणि खाली चार हजार दिसले की कळायचं, हा बाबा आपल्याला बुडवणार, मागे फिरा. मग नोव्हेंबर २०२१ मध्ये खालच्या अंगठ्याचा आकडाच लपवला, म्हणे लोक टोळीने येऊन डिसलाइक मारतात आणि छोट्या चॅनेलवाल्यांना त्रास होतो. होत असेलही. पण आता बटण आहे, दाबताही येतं, फक्त आकडा चॅनेलवाल्याला एकट्याला दिसतो. म्हणजे किती जण फसले हे ज्याने फसवलं त्यालाच कळणार, इतरांनी आपापलं फसून बघायचं!

तर उरल्या कमेंट्स. आता परवा नळ गळत होता म्हणून "नळ २ मिनिटांत दुरुस्त करा" असा व्हिडिओ लावला तर त्याची लांबी आठ मिनिटं आणि वर थोडे सेकंद. मधेमधे जाहिराती टाकायच्या तर व्हिडिओ आधी दहा मिनिटांचा तरी लागायचा, २०२० मध्ये ती अट आठ मिनिटांवर आली आणि तेव्हापासून जगातली बरीच कामं बरोब्बर आठ मिनिटं आणि काही सेकंदांत व्हायला लागली, त्यातली पहिली तीन नळ म्हणजे काय हे सांगण्यात जातात. मग मी गेले खाली.

खाली सगळ्यात आधी "फर्स्ट!". याने व्हिडिओ बघितलेला नाही, बघत बसला असता तर फर्स्ट आला नसता. त्याच्याखाली "सेकंड", मग परत एक "फर्स्ट", त्याला बिचाऱ्याला नेट स्लो. मग हजेरी, "२०२५ मध्ये कोण कोण बघतंय?" जुन्या गाण्याखाली हे मी समजू शकते, पण इथे वॉशर बदलतायत हो! तरी हजारभर लाइक, म्हणजे हजारभर लोकांनी हजर म्हणून हात वर केला. मग एकाने एक बरा जोक मारला होता, पण जोकपेक्षा खालचं आभाराचं भाषणच मोठं, एडिट वन, एवढे लाइक्स थँक्यू गाइज, एडिट टू, आईला दाखवलं, एडिट थ्री, प्लीज भांडू नका. अर्थात भांडण लागलेलं होतंच.

ही भांडणं म्हणजे माझा वीक पॉइंट. "१२७ रिप्लाय" असं निळ्या अक्षरात दिसलं की मी हातातला पाना खाली ठेवते. विषय होता नळ डावीकडे फिरवायचा का उजवीकडे, दहाव्या रिप्लायला शिक्षण निघालं, विसाव्याला एकमेकांचे प्रोफाइल फोटो, पुढे धर्म, देश, राजकारण, आणि त्यानंतर कुठेतरी एकाने आपले सगळे रिप्लाय डिलीट करून टाकलेले. त्यामुळे आता दुसरा एकटाच उरलाय आणि हवेला म्हणतोय, "परत बोल, हिंमत असेल तर परत बोल." पलीकडचा काय बोलला होता हे आता कुणालाच कधीच कळणार नाही. इतका राग येतो ना, अर्धी मालिका पुसून टाकल्यासारखं वाटतं.

बाकी या खालच्या मजल्यावर तक्रार करायला कोण नाही आलं! यूट्यूबवरचा पहिला व्हिडिओ २३ एप्रिल २००५ चा, १९ सेकंदांचा, प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभं राहून त्यांच्या सोंडा किती लांब असतात ते सांगितलंय. त्यातला माणूस म्हणजे जावेद करीम, साइटच्या तीन संस्थापकांपैकी एक. २०१३ मध्ये कमेंट करायला गूगल प्लसचं, म्हणजे गूगलच्या तेव्हाच्या सोशल नेटवर्कचं, अकाउंट सक्तीचं केलं तेव्हा हा गृहस्थ आपल्याच चॅनेलवर येऊन चक्क शिवी घालून विचारून गेला की हे कशाला पाहिजे. डिसलाइक लपवले तेव्हा त्या हत्तींच्या व्हिडिओखालचं डिस्क्रिप्शन बदलून परत नाराजी. ज्याने साइट काढली त्यालाही शेवटी चरफडायला व्हिडिओखालचीच जागा.

काही लोकांपुढे मात्र हात टेकले. दहा तास नुसता पावसाचा आवाज, झोप लागावी म्हणून लावायचा, त्याखाली एक जण लिहितो, "सहा तास बेचाळीस मिनिटांनी आवाज जरा बदलतो." अरे बाबा तू झोप! आणि दुसरे ते चॅनेलवाल्याचाच फोटो लावून, त्याचंच नाव लावून, "अभिनंदन, तुम्ही जिंकलात, या नंबरवर मेसेज करा" म्हणणारे. नळाच्या व्हिडिओत काय जिंकणार मी, नळ?

या सगळ्या गर्दीत एकच माणूस कामाचा. नाव नाही, फोटो नाही, करड्या गोलात नुसतं एक अक्षर. तो फक्त लिहून जातो, "४:५० पासून बघा." बास. लाइक मागत नाही, एडिट करत नाही. तसे मेन व्हॉल्व्ह आधी बंद करा असं लिहिणारेही असतात, पण ते इतके खाली असतात की तिथे पोचेपर्यंत बाथरूम भरलेलं असतं. वर पिन केलेली कमेंट कोणती तर "सर तुम्ही ग्रेट आहात."

मीही शेवटी एक साधा प्रश्न टाकला, वॉशर कुठल्या साइझचा घ्यायचा. चॅनेलवाल्याने लाल बदाम दिला. उत्तर नाही, बदाम. मग "सेम प्रॉब्लेम ब्रो", "ब्रो उत्तर मिळालं का", "मलाही सांग ब्रो". मी ब्रो नाही हे सांगायचा कंटाळा आला. नळ शेवटी प्लंबरने येऊन केला, साइझ त्याला विचारायची राहिली, पण नोटिफिकेशन येतच असतात. काल एकाने मला अर्धा इंच सांगितलं, दुसऱ्याने त्याला तू कधी नळ बघितलायस का विचारलं, आता चाळीस रिप्लाय झालेत आणि राजकारण नुकतंच सुरू झालंय. मी सगळ्यांचे स्क्रीनशॉट घेऊन ठेवतेय, यावेळी कुणी डिलीट केलं तरी माझ्याकडे पूर्ण पाहिजे.