चौभाषी सिनेमाचा दुभाषा

क्वेंटिन टॅरँटिनो यांचा 'इनग्लोरियस बास्टर्ड्‌स' हा २००९ सालचा चित्रपट आईवडिलांच्या सोबतीने पाहू नये, असे मला कोणी बजावले नव्हते. बाबांना मी 'दुसऱ्या महायुद्धावरचा आहे' एवढेच सांगितले, कारण नावातला दुसरा शब्द आमच्या घरात उच्चारण्याजोगा नाही. बाबा निवृत्त इतिहासशिक्षक असल्यामुळे वही-पेन घेऊन बसले. आईचे मोतीबिंदूचे ऑपरेशन नुकतेच झाले होते आणि नवा चष्मा यायचा होता, त्यामुळे पडद्याखालची अक्षरे तिला वाचून दाखवण्याचे काम माझ्या गळ्यात पडले. यातली पात्रे जर्मन, फ्रेंच, इंग्रजी आणि थोडीशी इटालियनही बोलतात, हे मला तोवर ठाऊक नव्हते.

पहिला प्रसंग १९४१ सालच्या फ्रान्समधला. हान्स लांडा नावाचा नाझी अधिकारी एका शेतकऱ्याच्या घरी येतो, वाइन नाकारून दूध मागतो, पेला एका दमात रिकामा करतो आणि गोड बोलत बसतो. फळ्यांच्या जमिनीखाली एक ज्यू कुटुंब श्वास रोखून पडलेले असते. बराच वेळ एकही गोळी सुटत नाही. तरीही घशाला कोरड पडते. मधेच लांडा फ्रेंच सोडून इंग्रजीवर येतो.

"आता हा इंग्रजीत का बोलतोय?" आईने विचारले.

"खाली लपलेल्यांना कळू नये म्हणून," मी सांगितले, आणि माझ्या ध्यानात आले की गेली पाच मिनिटे मी मराठी भाषांतरसुद्धा कुजबुजत्या आवाजात करत होतो. नेमके तेव्हाच गॅसवरचे दूध उतू गेले आणि घरातले कोणीही उठले नाही. आमच्या घराच्या इतिहासात अशी घटना याआधी घडलेली नाही.

पुढे तळघरातल्या दारूच्या गुत्त्यात, जर्मन गणवेशातला इंग्रज हेर तीन पेले मागवताना अंगठा न वापरता तीन बोटे दाखवतो आणि तिथेच पकडला जातो, कारण जर्मन माणूस तीन मोजताना अंगठ्यापासून सुरुवात करतो. बाबांनी लगेच स्वतःचा हात वर केला. आपण करंगळीपासून मोजतो असे त्यांचे मत, पेरांवर मोजतो असे आईचे. मी पंच म्हणून दोघांची बोटे तपासत होतो. वाद मिटवून मान वर केली, तर दोघांखेरीज सगळा गुत्ता मरून पडला होता.

हा युद्धपट असला तरी त्यात रणांगण जवळजवळ नाहीच; लढाया होतात त्या जेवणाच्या टेबलांवर. जमिनीखालून निसटलेली शोशाना पुढे पॅरिसमध्ये चित्रपटगृह चालवते, आणि उपाहारगृहात तिच्यासमोर बसलेला लांडा सहज म्हणून तिच्यासाठी दूध मागवतो. त्याने तिला ओळखले की नाही, हे दिग्दर्शक सांगत नाही. मी भाषांतराला तोंड उघडणार, इतक्यात आईने हाताने गप्प केले. "त्याला माहीत आहे," ती म्हणाली. या भूमिकेसाठी ख्रिस्टोफ वॉल्ट्झ यांना ऑस्कर मिळाले. ते दुधासाठीच मिळाले, याबद्दल आईच्या मनात शंका नाही. ब्रॅड पिट अमेरिकी हेलात इटालियन बोलू लागला, तेव्हाही तिला माझी गरज पडली नाही. "अगदी तुझ्या बाबांच्या हिंदीसारखं," एवढे बोलून ती डोळे पुसेपर्यंत हसली, आणि डोळे पुसायला डॉक्टरांनी मनाई केली होती.

बाबांचा संयम शेवटी सुटला. आपल्या कुटुंबाच्या हत्येचा सूड घेण्यासाठी शोशाना चटकन पेट घेणाऱ्या नायट्रेट फिल्मच्या फिती पेटवून चित्रपटगृह जाळायला निघते, इथवर त्यांची हरकत नव्हती. उलट पुण्यात २००३ साली प्रभात फिल्म कंपनीच्या जुन्या आवारातल्या आगीत अशाच फिती भस्मसात झाल्याचे त्यांनी आम्हाला सांगितले. पण त्या चित्रपटगृहात हिटलर गोळ्यांनी चाळणी होऊन मेला, तेव्हा ते उभे राहिले. "३० एप्रिल १९४५! बर्लिन! बंकर! आत्महत्या!" मी चित्रपट थांबवला. १५३ मिनिटांचा तो चित्रपट आमच्याकडे चार तास चालला, त्याचे हे एक कारण.

संपल्यावर बाबांनी वही पुढे केली. कट्ट्यावरच्या मित्रांना सांगायचे म्हणून त्यांना नाव हवे होते. मी मुकाट्याने मूळ इंग्रजी नाव जसेच्या तसे लिहून दिले. दिग्दर्शकाने दोन्ही शब्दांचे स्पेलिंग मुद्दाम चुकवले आहे, हे मी सांगण्याआधीच बाबांनी लाल पेनाने पहिल्या शब्दातला जादाचा 'यू' खोडला, दुसऱ्यातल्या 'ई'चा 'ए' केला आणि दुरुस्त झालेले नाव चष्मा सावरत खणखणीत आवाजात वाचले.

खोलीत शांतता पसरली. आई माझ्याकडे वळली.

"म्हणजे काय रे?"